शंकेचा हात

"कुणी सांगितलं होतं तुला हात वर करायला?"

"तुम्हीच."

"मी? मी होतो तिथे मॅटवर? माझं नाव घेऊ नकोस नेत्रा, सांगून ठेवतो."

"मग कुणाचं घेऊ? कबड्डी मला काय माझ्या आज्याने शिकवली?"

"आवाज खाली!"

"तुम्ही चढवलात म्हणून माझाही चढला. आमच्या पडवीत येऊन तुम्ही ओरडताय सर, मी नाही आले तुमच्याकडे."

महिपत सरांनी कप पडवीच्या कठड्यावर आपटला. चहा उसळून नेत्राच्या आईने, सत्यवतीने, सकाळीच सारवलेल्या जमिनीवर पडला. सत्यवती दारात उभी होती. तिने चहाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पदर खोचला. सरांना या घरी चहा देण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. एरवी सर बौद्धवाडीच्या रस्त्यावर स्कूटर उभी करायचे आणि तिथूनच "नेत्रा, चल गं" अशी हाक द्यायचे. पायरी ते आज चढले होते, तेही भांडायला.

"गावाला मॅट मिळणार होती," सर म्हणाले. "वर शेड. पावसाळ्यातसुद्धा पोरं खेळली असती. टीमच्या मालकाने माझ्या हातात हात देऊन सांगितलं होतं, तुमच्या दोन्ही पोरी फायनलला पोचू देत, मॅट तुमच्या दारात. आणि तू? हात वर करून, मान खाली घालून, बाहेर चालती झालीस! पंचाने बाद दिलं होतं? त्या चढाईवालीने मागितला होता गुण?"

"नाही."

"लागला तरी होता का पाय?"

गेला आठवडाभर हा प्रश्न ज्याने त्याने विचारला होता, आणि खरं उत्तर ऐकलं असतं तर गावाने तिला खाडीतच बुडवली असती. खरं उत्तर होतं, माहीत नाही.

"उद्या दुपारी टीमच्या त्या अमिषा मॅडम येतायत मंडळाच्या ऑफिसात," सर उठले. "मोबाईलवर तुझं बोलणं घेणार आहेत. त्या सांगतील ते वाक्य बोलायचं. चक्कर आली, भान राहिलं नाही, म्हणून हात वर गेला. तेवढं बोललीस तर पुढच्या मोसमात तुझं नाव राहील. नाहीतर बस इथेच, सुकट निवडत."

स्कूटर फटफटत गेली. सत्यवतीने फडकं आणलं आणि चहा पुसायला बसली.

"मग म्हण ना चक्कर आली," ती खाली मान घालूनच म्हणाली. "बायकांना चक्कर येतेच. कोण इचारतंय?"

"आये, मी खेळाडू आहे. चक्कर येणारीला कोण घेईल टीममध्ये?"

"आणि हात वर करणारीला कोण घेतंय ते बघतेच हाय मी."

*

याच गावाने मोसमाच्या सुरुवातीला बेंजो लावला होता. चौलच्या पलीकडचं, खाडीच्या कडेचं हे गाव. वर देवळाजवळ मोठी आळी, खाली नारळीच्या बागा संपल्या की बौद्धवाडी. वरच्या आळीतली प्रांजली आणि वाडीतली नेत्रा अशा दोघी एकाच वेळी बायकांच्या कबड्डी लीगमध्ये निवडल्या गेल्या, 'कोकण वादळ' नावाच्या संघात. प्रांजली उजव्या कोपऱ्याची, नेत्रा डाव्या कोपऱ्याची. कोपऱ्यांची जोडी म्हणजे बैलजोडीच, एकीने मान हलवली की दुसरीला कळतं. लहानपणापासून दोघी एकाच शेतात खेळलेल्या, तेव्हा संघाला तयार जोडी मिळाली. दोघींना एकाच मिनिडोर रिक्षात बसवून, पुढे बेंजो, मागे मोटरसायकली, असं करत गाव नाक्यापर्यंत आलं होतं. नेत्राचा बाप धर्मा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर चालवायचा. त्या दिवशी त्याने ट्रेलरवर पोरीचा फोटो चिकटवला होता आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

लीग नवी मुंबईत, बंदिस्त स्टेडियममध्ये. भात कापून झाल्यावर शेताची ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून केलेलं मैदान नेत्राच्या पायाला ठाऊक होतं. मातीत पाय रुततो आणि माती त्याला धरूनही ठेवते. मॅटवर पाय नुसता पळायला बघतो. पहिल्या सरावात ती दोनदा तोंडावर पडली आणि संघातल्या पुण्याच्या पोरी फिदीफिदी हसल्या. घाम यायच्या आत एसीने सुकायचा आणि पाठ आखडायची. सगळ्यात मोठा जाच होता तो दिव्यांचा. चारी बाजूंनी एवढा उजेड की अंगाखाली सावलीच पडायची नाही. गावात ती समोरच्या पोरीपेक्षा तिच्या सावलीवर नजर ठेवायची. कलत्या उन्हात सावली पायाच्या आधी वळते. इथे सावलीच नाही, तर वाचायचं काय? शेवटी ती गुडघे वाचायला शिकली.

शिकली ती अशी, की मोसमाच्या मध्यावर तिची घोटा-पकड म्हणजे कुलूप मानलं जाऊ लागलं. चढाईवाली बोनस रेषेकडे पाय टाकायची, डाव्या कोपऱ्यातून नेत्रा जमिनीलगत सरपटत यायची आणि दोन्ही हातांत घोटा. मग प्रांजली वरून कमरेला. संपलं. टीव्हीवर बोलणारा बाबा किंचाळायचा, "नेत्राने दार लावलं!" गावात देवळासमोर मोठा पडदा लावला होता, तिथे वरची आळी आणि वाडी एकाच सतरंजीवर बसून शिट्ट्या मारायची. वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, देवळासमोर आपल्याला सतरंजी मिळाली ती या पोरीच्या घोट्यामुळे.

आणि तिचा हात.

मोसमात उपांत्य सामन्याआधीही तिने हात वर केला होता. पंचांनी पाहिलं नव्हतं, समोरची मागे फिरली होती, पण नेत्रा 'मला लागलं' म्हणून हात वर करून स्वतःच बाहेर जाऊन बसली. अमिषाने, म्हणजे संघाच्या मॅनेजरने, त्याची छोटी फिल्म करून सगळीकडे पाठवली. खाली लिहिलं, खिलाडूवृत्ती. लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. वरच्या आळीतल्या बायकांनीही पाठवली. साखळी सामन्यात, आधीच जिंकलेल्या डावात, एक गुण गेला तर कुणाचं काय जातं?

उपांत्य सामन्यात मात्र सगळं काट्यावर होतं. गुण बरोबरीत, शेवटची चढाई समोरच्यांची. ती रिकामी गेली असती तर जादाच्या चढाया मिळाल्या असत्या, आणि जादाच्या चढायांत 'कोकण वादळ' त्या मोसमात एकदाही हरलं नव्हतं. मॅटवर नेत्रा आणि प्रांजली दोघीच उरल्या होत्या, हातात हात धरून. समोरची उंच पोरगी आली, नेत्राकडे वळली, पाय फेकला. नेत्रा झेपावली आणि त्याच क्षणी तिला कळलं की घोटा पुढे निघून गेलाय. तिने हात आखडला. बोटांच्या टोकांना काहीतरी चाटून गेल्यासारखं वाटलं. तिचा बूट असेल, मोजा असेल, नाहीतर एसीचा वारा. चढाईवाली खांदे पाडून मध्यरेषेकडे परत निघाली होती. पंचाचे हात रिकामी चढाई दाखवायला उठत होते.

आणि नेत्राचा हात वर गेला.

चढाईवालीने मागे वळून पाहिलं तेव्हा आधी तिला काही कळेना. मग ती जी किंचाळली, तिच्या संघाने तिला जे उचललं, ते नेत्राने बाहेरच्या रेषेवर उभं राहून पाहिलं. स्वतःचा हात अजून वर आहे हे तिच्या नंतर लक्षात आलं. नंतर टीव्हीवाल्यांनी ती चढाई पुढून, मागून, वरून, हळू करून दाखवली. बोटं आणि पाय यांच्यामध्ये फट होती की नव्हती, कॅमेऱ्यालाही नक्की सांगता येईना.

लोकांना मात्र लगेच सांगता आलं. विकली गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रा प्रांजलीकडे निघाली. सरांशी बोलून उपयोग नव्हता, पण त्या चढाईच्या वेळी प्रांजली शेजारी उभी होती. तिने अमिषा मॅडमला एवढंच सांगावं, की नेत्राला ही सवय पहिल्यापासून आहे, हात तिचा आपोआप जातो. तेवढ्यावर चकरेचं खोटं टळलं असतं आणि जागाही राहिली असती.

नाक्यावर मिनिडोरवाल्यांची रांग होती. नेत्रा दिसताच पहिल्या गाडीतून एक हात वर गेला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. स्टिअरिंगवर पाय टाकून पेपर वाचणाऱ्या रघूने तर दोन्ही हात वर केले.

"काय गो, रेवदंड्याला सोडू का? पण बसशील आणि मध्येच हात वर करून उतरशील. माझं भाडं बुडेल!"

हशा पिकला. नेत्राने चाल बदलली नाही. पुढे जनी कोळीण पाटी घेऊन बसली होती. तिच्याशी नजर टाळायची म्हणून नेत्राने रस्ता ओलांडला, तर जनीने तिथूनच गाठलं.

"ए पोरी, बोंबील घेतेस? घे. पण आधी सांगते, ताजं हायत का न्हाय, मला जरा शंका हाय!" आणि तिने कोयतीसकट हात आभाळाकडे नेला.

"शंका हाय तर इकतेस कशाला?" नेत्रा उलटून म्हणाली.

"तू कशाला खेळतेस?"

उत्तराला उत्तर मिळालं. नेत्रा पुढे गेली.

प्रांजली घरामागच्या बागेत नारळांना पाणी सोडत होती. नेत्राला पाहून तिने पाइप खाली टाकला नाही, उलट पाण्याची धार अशी वळवली की नेत्राला दोन पावलं मागे सरकावं लागलं.

"कशाला आलीस?"

"बोलायला."

"माझ्याशी? मला वाटलं तू पंचांशीच बोलतेस. तेही न विचारता."

"प्रांजली, ऐक तर."

"काय ऐकू? मी तिकडे तुझा हात धरून उभी होते, साखळी लावून. तू हात सोडवून घेतलास आणि वर केलास. माझाच हात सोडवून! तुला कळतंय का? तो माझाही मोसम होता. रोज सकाळी गुडघ्याला बर्फ लावून मी उतरत होते. फायनलच्या दिवशी आईबाबांना आत बसायला जागा मिळणार होती. ते बसले देवळासमोर, लोकांच्या शिव्या खात. तुझ्या नावाच्या शिव्या, पण तुझ्या घरच्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेत म्हटल्यावर अंगावर येतातच ना!"

"तुझं नाव तर राहिलंय टीममध्ये."

"राहिलंय? अमिषा काय म्हणाली माहितीये? जोडी तुटली तर उजव्या कोपऱ्याचं पण बघावं लागेल. तुझ्या एका हातावर माझं पण टांगलंय."

पाणी झाडाच्या आळ्यातून वाहून नेत्राच्या चपलांखाली आलं. ती तशीच उभी राहिली.

"तू एवढंच सांग मॅडमना, की ही माझी सवय आहे. नियमच होता आपला."

"सवय आहे ती पाय लागल्यावर हात वर करायची. लागला होता का तुला पाय? मला सांग, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. लागला होता?"

"माहीत नाही."

प्रांजलीने पाइप टाकला.

"म्हणजे?"

"लागल्यासारखं वाटलं. नक्की नाही."

"नक्की नाही? नक्की नसताना तू हात वर केलास? उपांत्य सामन्यात? येडी आहेस का गं तू?"

"शंका आली तरी हात. सरांचा नियम. आता तू पण विसरलीस?"

"कुठला नियम?"

"आपल्या मैदानाचा! सर नाही का सांगायचे, शंका आली तरी हात वर. कुणी बोट दाखवायच्या आधी तुझा हात वर गेला पाहिजे."

प्रांजली तिच्याकडे बघत राहिली. राग तोंडावर तसाच होता, पण आता तो कुठे ठेवावा हे तिला कळेनासं झालं होतं.

"सर असं कधी म्हणाले?"

"नेहमी. पहिल्यांदा पाण्याच्या टाकीखाली. नागावच्या पोरींशी मॅच होती, बघ. माझ्या खांद्याला लागलं का नाही कुणालाच कळलं नाही आणि लोक ओरडायला लागले. त्यानंतर."

"मला सर तसं नाही म्हणाले."

"मग काय म्हणाले?"

"खात्री असेल तरच हात. शंका असली तर पंचाकडे बघायचं. पंच गप्प तर आपण गप्प." प्रांजलीचा आवाज आता उतरला होता. "आम्हाला सगळ्यांना हेच."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"म्हणजे... आळीतल्या पोरींना. वाडीतली तू एकटीच होतीस ना."

पलीकडून प्रांजलीच्या आईने हाक मारली, "कोण आलंय गं?" प्रांजलीने घाईने पाइप उचलला. नेत्रा वळली.

"आता तरी मॅडमना सांगशील?"

"काय सांगू? की सरांनी दोघींना वेगवेगळं शिकवलं?" प्रांजली एकदम उसळली. "ते माझे मामा लागतात नेत्रा! मला याच आळीत राहायचंय."

*

घरी जाताना नेत्राला ती टाकीखालची संध्याकाळ आठवली. शाळेत होती तेव्हा. लोक ओरडत होते, "वाडीची आहे ती, लपवील! विचारा तिला!" तोवर सामन्यात कितीतरी पोरींना लागलं होतं, शंका आली होती, पण कुणाच्या घराचा पत्ता कुणी ओरडून सांगितला नव्हता. सर तिला टाकीखाली घेऊन गेले. डोळे पुसायला स्वतःचा रुमाल दिला. म्हणाले, तुला या मैदानावर टिकायचंय ना, मग तुझ्यावर बोट यायच्या आधी हात वर. शंका आली तरी. तिला वाटलं, सरांनी खेळाचं गुपित सांगितलं. ती अभिमानाने हात वर करत राहिली. तालुक्याच्या सामन्यांत पंच तिला ओळखू लागले, ही पोरगी खोटं बोलत नाही. एकदा तिला शिस्तबद्ध खेळाडू म्हणून स्टीलचा डबा मिळाला, त्याच डब्यात सत्यवती अजून अंगणवाडीत भाकरी नेते. किती गुण गेले असतील त्या डब्यासाठी? किती वेळा वाराच लागला असेल?

सत्यवती तांदूळ निवडत होती. नेत्राने एका दमात सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई पेटून उठेल, सरांच्या सात पिढ्या काढेल. सत्यवतीने तांदळातला खडा अंगणात फेकला.

"मग? त्यात नवीन काय?"

"आये!"

"अंगणवाडीत डाळ येते. बाकीच्या बाया ओंजळीने घालतात पातेल्यात. मी वजन करून, पोरांच्या आयांना काटा दाखवून घालते. मला कुणी सांगितलं? कुणीच न्हाय. सांगायला लागतच न्हाय. तुझ्या सरांनी तोंडाने सांगितलं, येवढाच काय तो फरक."

"तू कधी बोलली नाहीस मला."

"बोलून तू खेळली असतीस?" सत्यवतीने सूप आपटलं. "जा. तोंड धू. आणि चक्कर आली म्हण. सरांना धडा शिकवायच्या नादात सवताचं ताट लाथाडू नको. त्यांचं काय जातंय? त्यांना पेन्शन हाय."

*

मंडळाचं ऑफिस म्हणजे देवळाच्या मागे एक खोली. भिंतीवर ढाली, कोपऱ्यात चुन्याची पोती, टेबलावर अमिषाचा मोबाईल स्टँडवर उभा केलेला आणि त्याच्याभोवती गोल दिवा. खिडकीच्या गजांना आळीतली माणसं चिकटली होती. वाडीतलीही काही आली होती, पण ती मागे, पिंपळाच्या पारापाशी. प्रांजली खोलीत, भिंतीला टेकून. तिच्या मामांनीच तिला बोलावलं होतं. जोडी फुटलेली नाही असं दिसायला हवं होतं.

"बस नेत्रा," अमिषा म्हणाली. ती मुंबईहून सकाळची पहिली बोट पकडून आली होती आणि तिला संध्याकाळची बोट गाठायची होती. "टेन्शन घेऊ नकोस यार. एकच वाक्य आहे. मला चक्कर आली होती, त्यामुळे हात वर गेला, मी सर्व चाहत्यांची माफी मागते. बस. विकली गेली वगैरे जे चाललंय ते बंद होईल, मालक खूश, मी तुझं नाव पुढे करते."

"मला चक्कर आली नव्हती."

"ते मला माहीत आहे गं. तुला माहीत आहे. पब्लिकला काहीतरी द्यावं लागतं."

"मग खरं देऊ या."

"खरं काय आहे?"

"नेत्रा," महिपत सर मध्ये पडले. आज ते गोड बोलत होते, माणसं होती ना. "पोरी, हट्ट करू नकोस. मी तुला लहानाची मोठी केली. वाडीतनं उचलून मैदानावर आणली. लोक नाही म्हणत होते, मी आणली. हो की नाही? सांग सगळ्यांना."

"हो."

"मग माझा शब्द ठेव."

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "अरे बोल ना! मॅट घालवलीस, आता सरांना पण खाली बघायला लावशील?"

"मॅट घरी नेऊन अंथरली असेल हिने!" दुसरा म्हणाला. हशा.

"शांत!" अमिषाने टाळी वाजवली. "हे बघ नेत्रा, स्पष्ट सांगते. हे वाक्य घेऊन मी गेले तर तू आहेस. नाही घेतलं तर नाहीस. माझ्या हातात दुसरं काही नाही. कळलं?"

"कळलं."

"रेडी? चालू करते."

मोबाईलवर लाल ठिपका लागला. गोल दिव्याचा उजेड नेत्राच्या तोंडावर पडला. तिने पाठ ताठ केली.

"मी नेत्रा धर्मा कासारे. कोकण वादळ, डावा कोपरा. मला चक्कर आली नव्हती."

"कट," अमिषा म्हणाली. "नेत्रा..."

"चालू राहू दे मॅडम. तुम्हाला नको असेल तर नंतर पुसा." नेत्राने मोबाईलवरची नजर हलवली नाही. "मी विकली गेले नाही. समोरचीचा पाय मला लागला की नाही, मला माहीत नाही. मला शंका आली. शंका आली की हात वर करायचा असं मला शिकवलंय. आमच्या मैदानावर बाकीच्यांना तसं शिकवलेलं नाही. त्यांना सांगितलंय, खात्री असेल तरच. हे मला आज सकाळी कळलं."

"कुणी सांगितलं तुला हे?" सरांचा गोडवा उतरला.

"प्रांजलीने."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. प्रांजलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"काय गं?" सर म्हणाले. "तू सांगितलंस असलं काही?"

प्रांजलीने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा नेत्राकडे. "विचारलं म्हणून सांगितलं," ती पुटपुटली. "तुम्ही सांगितलं होतंत तेच."

मागच्या पारावरून धर्माचा चुलतभाऊ सदा पुढे आला आणि गजांशी उभा राहिला. त्याला जागा द्यायला कुणी सरकलं नाही, तरी तो उभा राहिला.

"नेत्रा, हे मी पाठवू शकत नाही," अमिषा हळू आवाजात म्हणाली. "तुला कळतंय ना? तुझं नाव जाईल."

"कळतंय. जाऊ दे."

"नीट विचार कर."

"केला मॅडम. चक्कर येणारी म्हणून राहण्यापेक्षा नसलेली बरी." मग तिने स्टँड उचलला आणि दिव्यासकट फिरवला. गोल उजेड महिपत सरांच्या चेहऱ्यावर पडला. त्यांनी डोळ्यांपुढे तळवा धरला.

"सर," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुम्ही मला मैदानावर आणलंत, ते मी कुणापुढेही सांगेन. आता तुम्ही एक सांगा. खेळ एकच, मैदान एकच. मला एकटीला वेगळा नियम का?"

लाल ठिपका चालू होता. सरांनी अमिषाकडे पाहिलं, ती घड्याळ बघत होती. प्रांजलीकडे पाहिलं, तिने मान वर केली नाही. मग त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून खिशात टाकला, दारातल्या चपलांत पाय घातले. एका पायाखाली पट्टा दुमडला, तो सरळ करायलाही ते वाकले नाहीत. दारात गर्दी होती. ती बाजूला झाली, आणि सर तसेच पाय ओढत देवळाच्या दिशेने निघून गेले.